वाचकांचे प्रश्न : एका मूत्रपिंडाआधीची दोन मूत्रपिंडे

पावसाळा सुरू झाल्यापासून या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे, लिहिणारे एकमेकांना ओळखत नसतानाही, एकाच विषयाभोवती फिरतात. मूत्रपिंड घडते कसे, हा तो विषय. त्यामुळे या वेळचे सबंध सदर या पाच पत्रांना दिले आहे. उत्तरे सारख्या लांबीची नाहीत, कारण प्रश्नही सारख्या खोलीचे नाहीत.

प्रश्न : तांबोशीसारखा मोठा मासा साफ करताना पोटातले सगळे काढून टाकले तरी मधल्या काट्याला आतून चिकटलेली एक काळपट लाल पट्टी राहते. माझ्या सासूबाई ती नखाने खरवडून काढायला सांगत आणि ते साकळलेले रक्त आहे असे म्हणत. बारावीतला माझा मुलगा म्हणतो, ते माशाचे मूत्रपिंड आहे. खरे काय समजावे?
— एक गृहिणी, वेंगुर्ले

उत्तर : आपला मुलगा बरोबर सांगतो, आणि सासूबाईही फारशा चुकत नव्हत्या. पुढच्या वेळी मासा चिरल्यावर आतडी बाजूला करून जरा थांबून पाहावे. काट्याच्या खाली प्रथम पांढुरका, चकचकीत हवेचा फुगा दिसतो. तो सोडवला की त्याच्या वरच्या अंगाला, कण्याला अगदी लगटून, एका पातळ पापुद्र्याखाली ही पट्टी डोक्यापासून पोटाच्या मागच्या टोकापर्यंत गेलेली असते. पापुद्र्यात नख घातले की ती लगद्यासारखी सुटून येते. मटणाच्या दुकानातल्या गुर्द्यासारखा तिला घाटदार आकार नसतो, आणि उजवे-डावे असे दोन भागही पुष्कळदा एकमेकांत मिसळून गेलेले असतात. म्हणूनच हा एक स्वतंत्र अवयव आहे हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

सासूबाईंचे म्हणणे बरोबर कसे, तेही सांगतो. आपल्या शरीरात रक्तपेशी हाडांच्या मगजात तयार होतात. माशाच्या हाडांत ती सोय नसते, आणि हे काम त्याच्या मूत्रपिंडातल्या ऊतीकडे असते. या पट्टीचा डोक्याकडचा फुगीर भाग तर प्रौढ माशात मूत्र गाळण्याचे काम बहुधा सोडूनच देतो आणि रक्तपेशी व काही संप्रेरके तयार करण्याच्या कामाला लागतो. त्या लाल पट्टीत नुसते साचलेले रक्त नसते, तिथे रक्त घडत असते. ती खरवडून काढण्याची पद्धतही योग्यच आहे, कारण रक्ताने भरलेला हा मऊ भाग माशाच्या इतर मांसाआधी नासतो.

ही पट्टी ज्या जातीचे मूत्रपिंड आहे, साधारण त्याच जातीचे मूत्रपिंड आपल्या प्रत्येकाला आईच्या पोटात काही आठवडे होते. ते कुठे गेले, हे पुढच्या उत्तरात येते.

प्रश्न : आमच्या अभ्यासक्रमात असे आहे की, माणसाच्या गर्भात पूर्ववृक्क, मध्यवृक्क आणि पश्चवृक्क अशी तीन मूत्रपिंडे एकामागून एक तयार होतात आणि त्यांपैकी पहिली दोन नाहीशी होतात. जे मोडायचेच आहे ते निसर्ग बांधतो कशासाठी? आणि गर्भ आधी मासा, मग बेडूक आणि शेवटी माणूस होतो, याचा हा पुरावा मानायचा का?
— प्राणिशास्त्राची विद्यार्थिनी, मालवण

उत्तर : तुमचा पहिला प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. परीक्षेत या तिघांची तुलना तक्त्यात लिहून घेतली जाते, पण एकातून दुसरे कसे निघते हे विचारले जात नाही, आणि खरे मर्म तिथेच आहे.

आधी जागा पाहू. गर्भाच्या पाठीकडे मज्जारज्जूच्या दोन्ही बाजूंना ठोकळ्यांसारखे जे खंड दिसतात, त्यांच्या आणि शरीरभित्तीच्या मधोमध पेशींची एक लांब पट्टी असते. तिला मध्यवर्ती मध्यस्तर म्हणतात. मानेपासून ओटीपोटापर्यंत गेलेल्या या एकाच पट्टीतून तिन्ही मूत्रपिंडे निघतात. मानेपाशी पूर्ववृक्क, छाती-पोटाच्या भागात मध्यवृक्क, आणि अगदी शेवटच्या टोकाला पश्चवृक्क. काळाचा क्रम आणि जागेचा क्रम एकच आहे. माणसात पूर्ववृक्क चौथ्या आठवड्याच्या सुरुवातीला दिसते आणि तो आठवडा संपेपर्यंत विरघळूनही जाते. पेशींचे काही पुंजके, एवढेच त्याचे स्वरूप असते आणि मूत्राचा एक थेंबही ते गाळत नाही. मध्यवृक्क मात्र चांगले लांबट, ठसठशीत असते. ते चौथ्या आठवड्याच्या अखेरीस सुरू होते, पुढचे काही आठवडे थोडे मूत्रही तयार करते आणि तिसरा महिना संपेपर्यंत मावळते. पश्चवृक्क पाचव्या आठवड्यात सुरू होते आणि तेच आपण जन्मभर वापरतो.

आता ‘मोडायचेच तर बांधायचे कशाला’ याकडे येऊ. पूर्ववृक्क तयार होताना त्याच्याबरोबर एक नळी सुरू होते. पूर्ववृक्क विरून जाते, पण ही नळी राहते, आणि तिचे टोक शेपटीच्या दिशेने पुढे पुढे सरकत अवस्करापर्यंत, म्हणजे मल-मूत्राच्या सामाईक पोकळीपर्यंत, जाऊन मिळते. वाटेत ती जिथून जाते तिथल्या मध्यस्तराला ती जणू जागे करते आणि तिच्या कडेने मध्यवृक्काच्या नलिका उभ्या राहून तिलाच जोडल्या जातात. पुढे अवस्करापाशी पोहोचल्यावर याच नळीला मागच्या अंगाला एक कोंब फुटतो. तो कोंब शेवटच्या टोकाच्या मध्यस्तरात शिरतो, तेव्हा पश्चवृक्काला सुरुवात होते.

आपल्याकडे नारळी-पोफळीच्या बागेला शिंपणे करायचे तर आधी पाट पाडावा लागतो आणि मग त्याच्या कडेने आळी करायची. पहिली आळी पुढे बुजवली तरी पाट बुजवत नाहीत, कारण खालची सगळी बाग त्याच्यावर असते. गर्भातली ती नळी म्हणजे हा पाट आहे. फरक एवढाच की इथे पाणी आळ्यांतून पाटात उतरते. पूर्ववृक्काचे मूल्य त्याने किती मूत्र गाळले यावर ठरवले तर ते शून्य येईल. पाट त्याने सुरू केला हे पाहिले, तर त्याच्यावाचून पुढचे काहीच नाही.

हे केवळ उपमेने सांगितलेले नाही, ते प्रयोगाने तपासलेले आहे. कॉनरॅड वॉडिंग्टन या शास्त्रज्ञाने 1938 साली कोंबडीच्या गर्भात ही पुढे सरकणारी नळी वाटेत अडवली. अडथळ्याच्या वरच्या बाजूला मध्यवृक्क नीट झाले, खालच्या बाजूला, जिथे नळी पोहोचलीच नाही, तिथे ते नीट उभे राहिले नाही. ‘अवशेष’ म्हणून ज्याची बोळवण केली जात होती, तो अवयव घडणीच्या कामात गुंतलेला आहे, हे यातून स्पष्ट झाले.

तुमच्या प्रयोगशाळेत कोंबडीच्या गर्भाच्या 33, 48 आणि 72 तासांच्या स्लाइड असतीलच. महाविद्यालयात शिकवत असताना मी विद्यार्थ्यांना 72 तासांच्या आडव्या छेदात हृदय आणि डोळा सोडून एक अगदी साधी गोष्ट शोधायला लावत असे. पाठीकडच्या महारोहिणीच्या दोन बाजूंना, थोड्या वरच्या अंगाला, सुईच्या टोकाने पाडावे तसे एकेक बारीक, गोल, स्वच्छ कडेचे छिद्र दिसते. तीच ती नळी. तिच्या आतल्या बाजूला मध्यवृक्काच्या नलिकांचे वळसे दिसू लागलेले असतात. कास्पार फ्रीड्रिख वोल्फ याने 1759 च्या आपल्या प्रबंधात कोंबडीच्या गर्भातल्या या भागाचे वर्णन केले, म्हणून मध्यवृक्काला वोल्फचा पिंड आणि नळीला वोल्फची नळी असे नाव पडले. एकदा ते छिद्र ओळखता आले की पाठ्यपुस्तकातला तक्ता पाठ करावा लागत नाही.

पश्चवृक्क कसे घडते, हा भाग तर मला या सगळ्या विषयात सर्वांत सुंदर वाटतो. नळीला फुटलेला कोंब आणि तो ज्यात शिरतो तो पेशींचा लगदा, हे दोघे एकमेकांना घडवतात. लगदा जीडीएनएफ नावाचे एक प्रथिन सोडतो. कोंबाच्या पेशींवर ते ओळखणारा रेट नावाचा ग्राहक असतो आणि त्या हाकेमुळेच कोंब फुटतो, वाढतो, दुभंगतो, पुन्हा दुभंगतो. उलट कोंबाच्या टोकांकडून आलेल्या संकेतांमुळे लगद्यातल्या पेशी एकत्र येऊन नलिका बनतात. क्लिफर्ड ग्रोबस्टाइन यांनी 1950 च्या दशकात उंदराच्या गर्भातले हे दोन भाग वेगळे करून काचेच्या भांड्यात वाढवले, तेव्हा एकट्या लगद्यातून नलिका झाल्या नाहीत आणि एकट्या कोंबाला फांद्या फुटल्या नाहीत. 1996 मध्ये जीडीएनएफचे जनुक काढून टाकलेल्या उंदरांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांची पिल्ले मूत्रपिंडांवाचूनच जन्मली.

कोंबाच्या प्रत्येक टोकापाशी लगद्याचा एक पुंजका गोळा होतो. तो आधी पोकळ गोळी होतो, मग स्वल्पविरामासारखा वाकतो, मग इंग्रजी एस अक्षरासारखा दुहेरी वळतो. एसच्या खालच्या खोबणीत बारीक रक्तवाहिन्या शिरतात आणि तिथे केशिकांचा गुच्छ, म्हणजे रक्त गाळणारी चाळणी, तयार होते. वरचे टोक कोंबाच्या फांदीला जोडले जाते आणि मार्ग खुला होतो. हा झाला एक नेफ्रॉन. असे सरासरी दहा लाख एका मूत्रपिंडात बनतात. कोंबाचा देठ म्हणजे आपली मूत्रवाहिनी, त्याच्या पहिल्या काही फांद्या रुंदावून मूत्रपिंडातली पोकळी होते, आणि पुढच्या बारीक फांद्या मूत्र गोळा करणाऱ्या नलिका होतात.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. गर्भ आपल्या पूर्वजांच्या प्रौढ रूपांतून चढत जातो, हे एर्न्स्ट हेकेल यांनी 1866 मध्ये मांडलेले मत आज त्या रूपात स्वीकारले जात नाही. माणसाचा गर्भ कधीही मासा नसतो. तो माशाच्या गर्भासारखा दिसतो, ही गोष्ट वेगळी आहे, आणि कार्ल फोन बेअर यांनी ती हेकेलच्या आधी, 1828 मध्येच सांगितली होती. सगळ्या पृष्ठवंशीयांच्या घडणीचा आरंभ एकाच पद्धतीने होतो आणि कोण कुठे थांबतो यात फरक पडतो. हाडांचे मासे आणि बेडूक अगदी लहान अवस्थेत पूर्ववृक्क खरोखर वापरतात आणि मोठेपणी मध्यवृक्कावर, त्याच्या मागे वाढलेल्या भागासह, राहतात. वेळासच्या वाळूत अंडी घालणारे ऑलिव्ह रिडले कासव, परसातली कोंबडी आणि आपण, असे ज्यांचे गर्भ कवचात किंवा गर्भाशयात वाढतात, ते तिसऱ्या टप्प्यापर्यंत जातात. उत्क्रांतीचा पुरावा यात नक्कीच आहे. तो एका पाटावर तिघांनी बाग केली या सामाईकपणात आहे, गर्भाने मासा-बेडकाची सोंगे घेण्यात नव्हे.

मध्यवृक्क माणसात ‘नाहीसे होते’ हेही अर्धेच खरे आहे. मुलीच्या शरीरात त्याचे क्षुल्लक अवशेष राहतात. मुलाच्या शरीरात मात्र वृषण त्याच्या शेजारीच तयार होतो आणि ही आयती नळी आपल्या कामाला घेतो. शुक्राणू वाहून नेणारी नळी म्हणजे तीच वोल्फची नळी, आणि पुरुष नसबंदीत डॉक्टर जी नळी कापून बांधतात तीही तीच. शिवाय गर्भातल्या मूळ रक्तपेशी प्रथम जिथे तयार होतात तो भाग महारोहिणी, जननग्रंथी आणि मध्यवृक्क यांच्या सांध्यावरच असतो. वेंगुर्ल्याच्या ताईंच्या माशातली लाल पट्टी इथे पुन्हा आठवावी.

प्रश्न : माझ्या सुनेची पाचव्या महिन्यातली सोनोग्राफी झाली. बाळाचे डावे मूत्रपिंड जागेवर नसून खाली ओटीपोटात आहे असे डॉक्टरांनी सांगितले, बाकी सर्व ठीक आहे म्हणाले. मध्यंतरी ग्रहणात तिने विळीवर भाजी चिरली होती, त्याचा हा परिणाम असे वाडीतल्या बायका म्हणतात आणि सून मनाला लावून घेते. मूत्रपिंड जागा सोडून खाली कसे आले?
— एक सासरे, तालुका दापोली

उत्तर : मूत्रपिंड खाली आलेले नाही, ते वर गेले नाही एवढेच. वरच्या उत्तरात सांगितल्याप्रमाणे आपले कायमचे मूत्रपिंड शरीराच्या अगदी शेवटच्या टोकाला, ओटीपोटात तयार होते. तिथून ते सहाव्या ते नवव्या आठवड्यांच्या दरम्यान कमरेच्या वरच्या भागात पोहोचते. ते स्वतः चालत जाते असे नव्हे, बहुतांशी त्याच्या खालचा भाग भराभर वाढतो आणि गर्भाचा वाकलेला कणा सरळ होत जातो, म्हणून ते वर राहते. चढताना ते आतल्या बाजूला वळतेही, आणि प्रत्येक पायरीवर महारोहिणीपासून नवी रक्तवाहिनी घेऊन जुनी सोडून देते. कित्येकांत त्या जुन्यांपैकी एखादी तशीच राहते. सुमारे चार माणसांत एकाला मूत्रपिंडाला एकाहून अधिक रोहिण्या असतात, त्याचे कारण हेच. एखादे मूत्रपिंड ही वाट अर्ध्यावर सोडते आणि जिथे जन्मले तिथेच राहते. कधी दोन्ही मूत्रपिंडांची खालची टोके ओटीपोटातच एकमेकांना चिकटतात आणि घोड्याच्या नालासारखा आकार होतो. तो वर चढताना आतड्याकडे जाणाऱ्या एका रोहिणीखाली अडकून राहतो. सुमारे 500 जणांत एकाला असे नालासारखे मूत्रपिंड असते आणि पुष्कळांना ते दुसऱ्याच कारणासाठी सोनोग्राफी केल्यावर प्रथम कळते.

ग्रहणाचा यात काहीही संबंध नाही, हे आपण सूनबाईंना माझ्या वतीने ठामपणे सांगावे. मूत्रपिंडाचा हा प्रवास गर्भ जेमतेम एक इंचाचा असतानाच संपतो. त्या काळात कित्येक स्त्रियांना दिवस गेल्याचे नुकतेच कळलेले असते. भाजी चिरल्याने, शिवण केल्याने किंवा ग्रहण पाहिल्याने गर्भाच्या पेशींच्या हालचालीत फरक पडत नाही. जगात सगळीकडे, ग्रहण असो वा नसो, काही बाळांची मूत्रपिंडे अशीच खाली राहतात. आईने स्वतःला दोष द्यावा असे इथे काही नाही, आणि तिला तसा दोष देणाऱ्यांना घरातल्या वडीलधाऱ्यांनीच थांबवावे, असे मी कळकळीने सुचवतो.

आठवड्यांच्या बाबतीत एक खुलासा. मी लिहितो ते आठवडे गर्भधारणेपासूनचे आहेत. डॉक्टर शेवटच्या पाळीपासून मोजतात, म्हणून त्यांच्या कागदावरचा आकडा दोन आठवड्यांनी मोठा असतो.

‘बाकी सर्व ठीक’ यात डॉक्टरांनी गर्भजलही पाहिलेले असते, आणि त्याचा मूत्रपिंडांशी थेट संबंध आहे. गर्भाच्या रक्तातली घाण आईकडे नेऊन टाकण्याचे काम वार करते, त्यामुळे गर्भाला त्यासाठी मूत्रपिंडांची गरज नसते. परंतु चौथ्या महिन्यानंतर बाळाभोवतीचे पाणी हे मुख्यतः बाळाचेच मूत्र असते. बाळ ते गिळते आणि पुन्हा सोडते. दोन्ही मूत्रपिंडे तयारच झाली नाहीत तर हे पाणी आटते, बाळ सर्व बाजूंनी दाबले जाते आणि त्याची फुप्फुसे वाढत नाहीत. एडिथ पॉटर या डॉक्टरांनी 1946 मध्ये अशा बाळांचे वर्णन केले. आपल्या नातवंडाच्या बाबतीत पाणी योग्य आहे, याचाच अर्थ मूत्र तयार होते आहे आणि वाहते आहे. जन्मानंतर डॉक्टर सांगतील तेव्हा बाळाची सोनोग्राफी मात्र अवश्य करून घ्यावी, कारण खाली राहिलेल्या मूत्रपिंडाची मूत्रवाहिनी आखूड असते आणि तिच्यात मूत्र तुंबत नाही ना, हे पाहावे लागते. ताप आणि लघवीचा संसर्ग यांकडे पहिल्या वर्षात विशेष लक्ष द्यावे. आणि त्या मुलाला पुढे कधी पोटाची शस्त्रक्रिया करावी लागली तर मूत्रपिंड कुठे आहे याचा कागद जवळ असावा.

प्रश्न : माझ्या वडिलांना मधुमेह आहे आणि मूत्रपिंडाचा जो भाग निकामी झाला तो परत येणार नाही असे डॉक्टर म्हणतात. यकृत कापले तरी भरून येते असे वाचले आहे. मग मूत्रपिंड का भरून येत नाही?
— एक वाचक, अलिबाग

उत्तर : याचे कारण वडिलांच्या जन्माच्याही आधीचे आहे. नेफ्रॉन तयार करणारा तो पेशींचा लगदा कोंबाच्या टोकांभोवती असतो तोपर्यंतच नवे नेफ्रॉन होतात. माणसात गरोदरपणाच्या (इथे डॉक्टरांप्रमाणे शेवटच्या पाळीपासून मोजलेल्या) सुमारे 36 व्या आठवड्यापर्यंत हा सगळा लगदा नेफ्रॉन घडवण्यात संपून जातो. शिल्लक काही ठेवले जात नाही. त्यानंतर मूत्रपिंड आकाराने वाढते, नेफ्रॉन मोठे होतात, दुखावलेल्या नलिकेच्या पेशी काही प्रमाणात पुन्हा भरून येतात, पण नवा नेफ्रॉन एकही होत नाही. यकृताच्या पेशी प्रौढपणीही विभागू शकतात. नेफ्रॉन मात्र चाळणी, रक्तवाहिनी आणि नळी यांची नेमकी जोडणी आहे, आणि ती जोडणारे कारागीरच नंतर उरत नाहीत. माशांमध्ये ते उरतात. झेब्राफिश, गोल्डफिश अशा माशांत मूत्रपिंडाला इजा झाल्यावर नवे नेफ्रॉन उगवलेले पाहण्यात आले आहेत.

यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते आणि ती आपल्या घरातल्या तरुण मुली-सुनांसाठी आहे. माणसामाणसांत नेफ्रॉनची संख्या पुष्कळ वेगळी असते. कोणाच्या एका मूत्रपिंडात दोन-अडीच लाख, तर कोणाच्या वीस लाखांच्या घरात. त्यांतले निम्म्याहून अधिक गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत होतात. म्हणून जे बाळ फार आधी किंवा फार कमी वजनाचे जन्मते, त्याच्या गाठीला नेफ्रॉन कमी असण्याची शक्यता असते, आणि अशांना मोठेपणी रक्तदाब व मूत्रपिंडाचे विकार होण्याचा धोका अधिक असतो. या काळात आईचा आहार आणि तिचा रक्तदाब यांची काळजी घेणे म्हणजे बाळाच्या मूत्रपिंडांची काळजी घेणे आहे. कंबर दुखते म्हणून दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी पाचव्या महिन्यानंतर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. अशा गोळ्यांपैकी अनेक बाळाच्या मूत्रपिंडाचे काम मंदावतात आणि गर्भजल कमी करतात. रक्तदाबाच्या काही गोळ्याही गरोदरपणात बंद करून दुसऱ्या द्याव्या लागतात.

वडिलांच्या बाबतीत, गेले ते परत येत नाही हे खरे आहे, म्हणूनच आहे ते जपण्याला महत्त्व आहे. साखर आणि रक्तदाब डॉक्टरांनी ठरवलेल्या मर्यादेत ठेवणे, वेदनाशामके टाळणे आणि लघवीतली प्रथिने ठरावीक काळाने तपासणे, यांमुळे उरलेले नेफ्रॉन कित्येक वर्षे अधिक टिकू शकतात.

प्रश्न : आमच्या सड्यावर पावसाच्या डबक्यांत खूप बेडूकमासे आहेत. ते शू करतात का? आणि बेडूक झाल्यावर त्यांचे मूत्रपिंड बदलते का?
— इयत्ता सातवीतला विद्यार्थी, तालुका राजापूर

उत्तर : करतात, आणि तुझा दुसरा अंदाजही अगदी बरोबर आहे. बेडूकमाशाचे शरीर गोड्या पाण्यात असते, त्यामुळे बाहेरचे पाणी त्याच्या अंगात सारखे शिरत राहते. ते बाहेर काढले नाही तर तो फुगून मरेल. म्हणून त्याला अंड्यातून बाहेर येताच चालू मूत्रपिंड लागते, आणि ते त्याच्या डोक्यामागे, गळ्याच्या दोन बाजूंना असते. हेच पूर्ववृक्क, जे तुझ्या-माझ्यात कधी चाललेच नाही. त्याची रचना मोठी गमतीची आहे. रक्तवाहिन्यांचा एक गुच्छ सरळ पोटाच्या पोकळीत लोंबतो आणि त्यातून पाणी पोकळीत पाझरते. मग प्रत्येक बाजूला साधारण तीन बारीक तोंडे असतात, त्यांना केसांसारख्या हलत्या झालरी असतात, आणि त्या ते पाणी ओढून नळीत लोटतात. उपयोगाचे क्षार नळीत परत घेतले जातात आणि उरलेले पाणी बाहेर जाते.

बेडूकमासा वाढत असतानाच मागच्या बाजूला त्याच नळीच्या कडेने मध्यवृक्क तयार होत असते. पाय फुटून शेपूट आखडू लागते त्या सुमारास गळ्याजवळचे मूत्रपिंड विरघळते, आणि पुढचे सगळे आयुष्य बेडूक मागच्या मूत्रपिंडावर काढतो. त्याच वेळी त्याची शूसुद्धा बदलते. पाण्यात असताना तो घाण मुख्यतः अमोनियाच्या रूपात टाकतो. भोवती भरपूर पाणी असल्यामुळे तो लगेच विरतो. जमिनीवर आल्यावर तेवढे पाणी मिळत नाही, म्हणून तो अमोनियाचा कमी विषारी युरिया करून टाकतो.

पाहायचे असेल तर डबक्यातलेच पाणी भरून रुंद तोंडाच्या बरणीत दोनच बेडूकमासे ठेव. नळाचे पाणी घालू नकोस, त्यातल्या क्लोरीनने ते मरतात. डबक्यातले थोडे शेवाळे घाल, ते त्यांचे खाणे आहे. मूत्रपिंड बाहेरून दिसणार नाही, पण मागचे पाय कधी फुटले आणि पुढचे कधी, हे वहीत तारखेने लिहून ठेव. पुढचे पाय दिसले की बरणीत अर्धा पाण्याबाहेर येईल असा दगड ठेव, नाहीतर ते बुडून मरतील. त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांना ज्या डबक्यातून आणलेस त्याच डबक्यात, काठाला सोडून ये. सड्यावरची डबकी पावसाने चार दिवस उघडीप दिली की आटतात, तेव्हा आधी जाऊन पाणी आहे ना ते पाहून ये.